हिरवीचे कापलेले गुण

मोटारींच्या मासिकात काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे काटा म्हणत. तराजूच्या मधोमध असतो तो काटा. दोन-तीन गाड्या एकाच रस्त्यावर एकामागून एक चालवायच्या, कोणती कुठे सरस, कुठे उणी ते गुण देऊन लिहायचं, हे त्याचं काम. ते तो इतकं कोरडेपणाने करी की गाड्या विकणारे त्याला चहा विचारायलाही कचरत. वाचक मात्र डोळे मिटून विश्वास ठेवत. काट्याने लिहिलं म्हणजे लिहिलं.

त्याची एक रीत होती, ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. जी गाडी मनात भरेल तिचे तो थोडे गुण कापायचा. मन लबाड असतं, आवडीच्या पारड्यावर ते गुपचूप बोट ठेवतं, तेव्हा तेवढं वजन आपणच आधी काढून टाकावं, असं त्याचं म्हणणं. ही रीत घरातून आलेली. वडील शाळामास्तर होते आणि दोन्ही मुलगे त्यांच्याच वर्गात शिकले. सगळ्यांचे पेपर तपासून झाले की वडील आपल्या मुलांच्या पेपरांवरून पुन्हा एकदा लाल पेन्सिल फिरवायचे आणि कुठून तरी दोन-चार गुण काढून घ्यायचे, म्हणजे कुणी बोलायला नको. थोरल्याचा पहिला नंबर एका वर्षी असाच गेला. तो हसून म्हणाला होता, मास्तरांच्या पोटी यायचं तर एवढी फी भरावीच लागते. धाकटा हसला नाही. त्याला वडिलांचा अभिमान वाटला. पुढे तीच लाल पेन्सिल त्याच्या हातात आली, आणि ती कुणाची हे तो विसरूनही गेला.

थोरला म्हणजे दादा. त्याचं चष्म्याचं दुकान. उभा जन्म त्याने लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारण्यात घालवला, की हे नीट दिसतं, का हे? साधी चप्पल घ्यायची तरी तीन दुकानं पालथी घालणारा माणूस. पण गाडी मात्र त्याने बघताक्षणी घेतली. लग्न नुकतंच झालेलं. एका ओळखीच्या माणसाच्या अंगणात ती उभी होती. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, दोनच दारं, मागे उतरत गेलेलं छप्पर, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. मागे बसायला जागा म्हणजे नावाला. वडील म्हणाले, संसारी माणसाने अशी गाडी घेऊ नये. दादा म्हणाला, हो, आणि घेऊन आला. नंतर त्याने तिला नावही दिलं नाही. नुसती हिरवी.

त्याच सुमाराला वहिनींच्या भावानेही गाडी घेतली. दादाच्या मुलीचा मामा म्हणून तो पुढे सगळ्या घराचाच मामा झाला. पाण्याच्या मोटारपंपांचा धंदा, आवाजही पंपासारखाच. त्याची गाडी लाल, तीही दोन दारांची, पण इंजिन दुपटीने दांडगं. झालं. तेव्हापासून दोघांचं जे जुंपलं ते सुटलंच नाही. मामा दारात पाऊल ठेवायच्या आधी विचारायचा, काय दाजी, तुमचं शिवणयंत्र सुरू होतं का अजून? दादा म्हणायचा, होतं की, तुझं रोडरोलर आत येईल का आमच्या गल्लीत? वहिनी दोघांना पाणी देत आणि म्हणत की देवाने मला एक नवरा आणि एक भाऊ दिला, पण अक्कल दोघांत मिळून एकच दिली. पोरगी लहानाची मोठी झाली, दुकान सांभाळू लागली, दोघांचे केस पांढरे झाले, तरी शिवणयंत्र आणि रोडरोलर चालूच होतं.

मग हिरवीचा तळ गंजला. गॅरेजवाल्याने गालिचा उचलून दाखवला तर पायाखालची जमीन दिसत होती. तो म्हणाला, ठेवायची असेल तर अख्खा तळ नवा टाका, नाहीतर पुढच्या तपासणीत ही रस्त्यावरून उतरली म्हणून समजा. काम मोठं होतं. त्यात दादाचे गुडघे दुखू लागलेले, बुटक्या गाडीतून उठताना तो दाराची चौकट धरून आधी देवाचं नाव घ्यायचा आणि मग आईचं.

नेमक्या त्याच वेळी मासिकाने जुन्या दोन-दारी गाड्यांवर अंक काढायचं ठरवलं. काट्याने घरी सहज सांगितलं, की हिरवी, मामाची लाल आणि एका दंतवैद्याची पांढरी, अशा तिघी एकत्र चालवून लिहावं असं मनात आहे. तिन्ही एकाच काळच्या, एकमेकींवर टपलेल्या. मामाने मांडी थोपटली. दादा मात्र उठला. मग धाकट्याला घेऊन अंगणात आला.

"तू लिहिशील त्यावर ठरवू," तो म्हणाला. "ठेवण्यासारखी असली तर तळ टाकतो. नसली तर देऊन टाकतो. मला विचारशील तर मी ठेवच म्हणणार, आणि मामाला विचारशील तर तो फुंकून टाक म्हणणार. तुझं तसं नाही."

काटा हो म्हणाला. मनात मात्र त्याला खात्री होती, की दादा नुसता म्हणतोय. इतकी वर्षं सांभाळलेली गाडी कुणी एका लेखावरून देतं का?

चाचणीचा दिवस उजाडला तेव्हा आभाळ घासलेल्या भांड्यासारखं लख्ख होतं. गावाबाहेरच्या तलावाला वळसा घालून रस्ता टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचा, तोच नेहमीचा चाचणीचा रस्ता. संपादकबाई घड्याळ घेऊन टाकीपाशी उभ्या होत्या. दंतवैद्य हातमोजे घालून आला होता आणि आपल्या पांढरीच्या काचेवरचा एक न दिसणारा डाग पुसत होता. मामाने लालच्या बॉनेटवर हात ठेवून दाजींना खुशाली विचारली. म्हणाला, आज तुमचं शिवणयंत्र चढेल ना टेकडी, का दोरी घेऊन ठेवू? दादा म्हणाला, दोरी ठेव, उतारावर तुझे ब्रेक लागले नाहीत तर तुलाच बांधायला होईल.

काट्याने आधी लाल चालवली. सरळ रस्त्यावर ती बैलासारखी सुटली, पाठ सीटला चिकटली, आवाज छातीत घुमला. वळणावर मात्र नाक बाहेर काढून ती सरळच जायचं म्हणाली, आणि त्याला तिला दोन्ही हातांनी ओढून आणावं लागलं. मग पांढरी. ती हुशार गाडी. सगळं जिथल्या तिथे, दार लागताना तिजोरीसारखं लागायचं, गिअर बोटांनी पडायचे, चूक म्हणून काढता येत नव्हती. पण टाकीपाशी पोचल्यावर आपण आलो कसे हे त्याला आठवेना.

शेवटी हिरवी. दार हलकं, सीटला दादाच्या पाठीचा आकार. निघतानाच काहीतरी वेगळं होतं. इंजिन लहान, तेव्हा चढावर त्याला ते सतत बोलतं ठेवावं लागलं, आणि ते बोलतही होतं, न कंटाळता. टाकीच्या खालचं दुसरं वळण मोठं अवघड. रस्ता आत वळता वळता मधेच आणखी आवळतो. काट्याने तिथे कित्येक गाड्यांना घाबरताना पाहिलं होतं. हिरवी घाबरली नाही. त्याने स्टिअरिंग जरासं वळवलं, आणि पुढच्या चाकांखाली कुठे खडी आहे, कुठे डांबर गुळगुळीत झालंय, ते सगळं त्याच्या तळहातांना कळलं. मागची चाकं किंचित सरकली, त्याला विचारून सरकल्यासारखी, आणि पुन्हा जागेवर आली. वळण संपलं तेव्हा तो मोठ्याने हसत होता. एकटाच. आणि का कोण जाणे, त्याचे डोळे भरून आले होते. काही क्षण असे असतात, की माणूस हात जोडत नाही पण हात जोडल्यासारखाच होतो.

टाकीपाशी उतरल्यावर त्याने तोंड पुसलं आणि चेहरा सरळ केला. दादा जवळच उभा होता. त्याने काही विचारलं नाही. नियमच तसा होता, चाचणीच्या दिवशी मालकाने विचारायचं नाही. पण तो ज्या तऱ्हेने उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, दुसरीकडे बघत, ते पाहून काट्याला शाळेच्या व्हरांड्यात निकालाची वाट बघणारी मुलं आठवली. त्यानंतर मालकांनी एकमेकांच्या गाड्या चालवून पाहिल्या. मामा हिरवी घेऊन तलावापर्यंत गेला आणि परत आला तो चक्क गप्प. दादाने विचारलं, काय झालं, गुडघे अडकले का? मामा नुसतं हं म्हणाला. त्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी काटा ऑफिसात लिहायला बसला. समोर तीन रकाने. इंजिन, वळणावरचा विश्वास, ब्रेक, बैठक, सांभाळायला सोपी की अवघड, आणि सगळ्यात खाली मासिकाचा खास रकाना: पुन्हा चालवावीशी वाटली का. त्याने आधी खरे गुण भरले, जसे आले तसे. बेरीज केली. हिरवी पहिली आली होती, आणि थोडक्यात नव्हे.

तो त्या बेरजेकडे बघत बसला. मग त्याला भीती वाटली. ही दादाची गाडी. दादाचं हिच्यावर काही अवलंबून आहे. म्हणजे इथे आपला हात सगळ्यात जास्त वाहवणार. त्याने नेहमीप्रमाणे आवडीचे थोडे गुण कापले. हिरवी अजूनही पहिलीच. मग त्याने भावाचे म्हणून कापले. आधी बैठकीतले, कारण ती बुटकी होतीच. मग ब्रेकमधले, कारण एकदा जरा आवाज आला होता. शेवटी तो खालच्या रकान्याशी थांबला. पुन्हा चालवावीशी वाटली का? त्या रकान्यात हिरवीला पैकीच्या पैकी होते. त्याने ते अर्धे केले, आणि बेरीज पुन्हा मांडली. लाल पहिली, पांढरी दुसरी, हिरवी तिसरी. तिसरी म्हणजे शेवटची. तेव्हा कुठे त्याला मोकळं वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं.

बिचाऱ्याला वाटायचं, की प्रेम म्हणजे डोळ्यांत गेलेली धूळ, ती चोळून काढली की खरं दिसतं. ज्याच्यावर जीव असतो त्याचं आपल्याला जास्त दिसतं, आणि ते जास्तीचंही खरंच असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. देवसुद्धा आपल्या माणसाला हाक ऐकून चार पावलं जास्त चालत येतो, आणि त्याला कुणी पक्षपाती म्हणत नाही.

लेख लिहून झाल्यावर त्याने तो वाचून पाहिला. गुणांत तिसरी, आणि मजकुरात मात्र हिरवीचं कौतुक डोकावत होतं. ते बरोबर दिसेना. म्हणून त्याने शेवटी एक वाक्य घातलं: हिरवी गाडी प्रसन्न आहे, पण आजच काय, तिच्या काळातही ती शहाण्याने निवडावी अशी गाडी नव्हती.

संपादकबाईंनी लेख वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. त्या म्हणाल्या, की हिरवीतून उतरताना तुझा चेहरा मी पाहिला होता, तो तिसऱ्या नंबरचा चेहरा नव्हता. काटा म्हणाला, चेहऱ्याला गुण नसतात. बाईंनी खांदे उडवले. त्याचं नाव होतं, त्याचा शब्द होता. लेख तसाच छापून आला.

अंक निघाल्यावर काट्याने एक प्रत दादाकडे पाठवली. दादाचा फोन आला. लेख छान झालाय, फोटो स्वच्छ आलेत, असं म्हणाला. हिरवीबद्दल काही बोलला नाही. काट्याने विचारलं, रागावलास का? दादा म्हणाला, वेडा आहेस का, तुझं काम तू केलंस. फोन ठेवल्यावर काट्याला दादाचा अभिमान वाटला. आपल्या घरात हे असंच असतं, असं त्याच्या मनात आलं.

पुढे बरेच दिवस कामाच्या गडबडीत गेले. आणि एका सकाळी मामा ऑफिसात येऊन उभा राहिला. तो ऑफिसात कधीच आला नव्हता. हातात गुंडाळलेला अंक, चेहरा उतरलेला. त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"काट्या, हे काय लिहून ठेवलंस?"

काटा म्हणाला, तुमची पहिली आली की, मामा.

"तेच विचारतोय. मला काय वेडा समजलास? मी चालवली ती त्या दिवशी. उतरून माझ्या गाडीत बसलो तर ट्रकात बसल्यासारखं झालं. हे दाजींना सांगायचं म्हटलं तर माझी जीभ झडेल. पण तुला कळलं नाही? तुला?"

काटा टेबलावरचे कागद सारखे करू लागला. मामा मग बसला आणि हळू आवाजात, म्हणजे त्याच्या मानाने हळू, सगळं सांगू लागला. अंक आल्या आल्या त्याने दाजींना फोन लावला होता. चिडवायला काय काय म्हणायचं ते आंघोळ करतानाच जुळवून ठेवलेलं. पहिलं वाक्य टाकलं आणि दाजी म्हणाले, हो रे, तुझंच बरोबर होतं. बस. पुढे काही नाही. मामाला वाटलं, काहीतरी टोला येईल, तो थांबला, टोला आला नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाने आपलं बरोबर म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा आपल्याला घास गिळवेना, असं मामा म्हणाला. फुकटचं जिंकलेलं पचत नाही रे.

"आणि परवा ताईकडे गेलो तर शेडमध्ये गाडी नाही," तो म्हणाला. "दिली म्हणे. जुने सुटे भाग विकणाऱ्याला. मी म्हटलं, दाजी, अहो निदान मला तरी सांगायचं. तर म्हणतात, शेवटचा नंबर आलेली गाडी तुझ्या गळ्यात कशाला मारू?"

काटा उठला. ऑफिसची किल्ली कुठे ठेवली ते त्याला सापडेना, शेवटी मामानेच टेबलावरची उचलून दिली. दोघे लालमधून निघाले. वाटेत मामा एकदाही तिच्या इंजिनाबद्दल बोलला नाही.

सुटे भाग विकणाऱ्याचं आवार गावाच्या टोकाला होतं. पत्र्याचं कुंपण, आत रांगेने मांडलेली दारं, आरसे, बंपर, सगळं नीट पुसून लावलेलं. माणूस सभ्य होता. कुठली गाडी म्हणताच त्याने हात पुसले आणि त्यांना मागे नेलं. हिरवी तिथे होती, म्हणजे तिचं उरलेलं होतं. दोन्ही दारं मांडणीवर गेली होती. सीट, काचा, चाकं काढलेली. इंजिन आदल्याच दिवशी गेलं होतं. ज्या जागी तळ गंजला होता तिथून सांगाडा दोन तुकड्यांत कापलेला, कारण त्याशिवाय तो ट्रकात चढवून वितळवायला भट्टीला नेता येत नाही.

तो म्हणाला, या जातीच्या गाड्यांचे भाग आता मिळत नाहीत, हिचे भाग चार जणांच्या गाड्यांना जीव देतील. त्याने हे चांगल्या मनाने सांगितलं. मग म्हणाला, की मी मालकांना विचारलं होतं, एवढी स्वच्छ ठेवलेली गाडी, तळ टाकून ठेवत का नाही? तर म्हणाले, जाणकार माणसाने लिहिलंय, ठेवण्यासारखी नाही म्हणून.

काटा त्या कापलेल्या कडेकडे बघत उभा राहिला. कापलेला पत्रा आतून चकचकीत असतो, अगदी नव्यासारखा. मामाने विचारलं, हे पुन्हा जोडता नाही का येणार? माणूस पुन्हा हात पुसू लागला. मामानेही ते उत्तरासाठी विचारलं नव्हतं.

परतताना मामाने त्याला दादाच्या घराच्या कोपऱ्यावर सोडलं. म्हणाला, मी येत नाही आत, तुझं तू बघ. काटा लगेच आत गेला नाही. कोपऱ्यावर उभं राहून त्याने विचार केला, की सांगावं की नाही. न सांगावं तर दादा उरलेलं आयुष्य असं समजून काढणार, की आपण एकदाच मनाचं ऐकलं आणि तेही मूर्खपणाने. सांगावं तर गाडी गेलेली, आणि ती उगाचच गेली हे कळणार. दोन्हीकडे घावच. त्याने मनातल्या मनात देवाला विचारलं, कोणता घाव कमी. उत्तर आलं नाही. बहुधा काट्याला ते आधीच माहीत होतं म्हणून.

दादा शेडमध्ये होता. रिकामी जागा झाडून घेत होता. वहिनींना तिथे शिवणाचं मशीन आणि कापडाचं कपाट मांडायचं होतं, त्या दारात उभ्या राहून कपाट कुठे बसेल ते हाताने मोजत होत्या. काट्याला पाहून त्या म्हणाल्या, या भावोजी, तुम्ही सांगा, खिडकी या भिंतीला पाडावी का त्या? मग त्याचा चेहरा पाहून त्यांनी हात खाली घेतला.

त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. पहिली बेरीज, मग कापलेले गुण, बैठकीचे, ब्रेकचे, शेवटच्या रकान्यातले. ते वाक्य शेवटी का घातलं तेही. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. सिमेंटवर तेलाचा जुना डाग होता, केरसुणीने न निघणारा.

दादाने केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली.

"म्हणजे पहिली आली होती."

"हो."

"किती फरकाने?"

"बऱ्याच."

दादा उलट्या घातलेल्या बादलीवर बसला. बसताना गुडघ्यांसाठी त्याने नेहमीसारखं देवाचं नाव घेतलं नाही. वहिनींनी पदराने तोंड पुसलं. मग त्या धाकट्या दिराकडे न बघता म्हणाल्या, की अंक आला त्या दिवशी हे रात्री जेवले आणि मला म्हणाले, तुला मी त्या गाडीतून उगाच फिरवलं, मागे पोरीला नीट बसताही यायचं नाही. मी म्हटलं, मला तर ती गाडी आवडायची. तर म्हणाले, आपल्याला काय कळतं.

काट्याला हे ऐकवेना. तो म्हणाला, की पुढच्या अंकात मी खरं लिहितो, खरे गुण छापतो, माझी चूक म्हणून.

"नको," दादा म्हणाला. "आता गाडी नाही. लोक म्हणतील, भावाची होती म्हणून लिहिलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काट्याला बरं वाटलं असतं. दादाने त्याच्याकडे पाहिलं, काच बदलून पाहावं तसं, जरा डोळे बारीक करून.

"एक सांग. ती एखाद्या परक्याची असती, तर?"

"पहिली आली असती."

"हं," दादा म्हणाला. आणि मग बऱ्याच वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "चाळीस मैलांवर राहणारा कुणी अनोळखी माणूस असतो ना मी, तर आज ती इथे उभी असती."

वहिनी आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. काटा दादाजवळ खाली, झाडलेल्या जमिनीवर बसला. लहानपणी बसायचा तसा, पण आता दोघांचीही मांडी नीट पडत नव्हती.

"सांग आता," दादा म्हणाला.

"काय?"

"कशी चालली ते. त्या दिवशी विचारता आलं नाही. नियम होता ना तुमचा."

आधी काट्याला शब्द सापडेनात, कारण असं त्याने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. लेखात लिहायचं ते वेगळं. तो चढापासून सुरू झाला. इंजिन कसं बोलत होतं, लहान असून दमत कसं नव्हतं. दादा मान हलवत होता. दुसऱ्या वळणाशी आल्यावर त्याने थांबवलं आणि विचारलं, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये होतास की दुसऱ्या? तिसऱ्या, काटा म्हणाला. बरोबर, दादा म्हणाला, दुसऱ्यात टाकली की तिला आवडत नाही. आवडायचं नाही, असं म्हणायला हवं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही ते जाऊ दिलं.

मग काट्याने त्याला तळहातांना कळलेली खडी सांगितली, मागच्या चाकांचं ते विचारून सरकणं सांगितलं, आणि वळण संपल्यावर आपण एकटेच मोठ्याने हसत होतो तेही सांगितलं. दादाचे डोळे मिटले होते आणि मिटल्या पापण्यांखालून पाणी येत होतं, पण तोंडावर किंचित हसू होतं, जसं एखादी फार जुनी ओळखीची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना येतं.

सांगून संपलं. दादाने बाहीने डोळे पुसले.

"हे छान सांगितलंस, धाकट्या," तो शेवटी म्हणाला. "हेच लिहायचं होतंस."

तो भिंतीचा आधार घेत उठला. काट्याने हात पुढे केला, तो त्याने घेतला, पण घेऊन झाल्यावर लवकरच सोडला. दोघे बाहेर आले. दादाने शेडचं दार ओढून घेतलं, खिशातून कुलूप काढून लावलं, आणि ते नीट बसलं की नाही हे दोनदा ओढून पाहिलं. आत एक केरसुणी आणि एक बादली होती.